संतापाचे भाषांतर

परभाषेतील करुणरस अनुवादात पुष्कळसा उतरतो. शृंगारही बराचसा उतरतो. परंतु कादंबरीतील अथवा नाटकातील एखादे पात्र संतापले, की भाषांतरकाराची लेखणी हमखास अडखळते. याचे कारण उघड आहे. संतापलेला मनुष्य शब्द निवडीत नाही. लहानपणी घरात, अंगणात आणि बाजारात जे कानांवर पडले, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडते. म्हणूनच संतापाची भाषा ही कोणत्याही समाजाची सर्वांत जुनी व सर्वांत खाजगी भाषा होय. स्पॅनिश साहित्यातील संतापाचे इंग्रजीत काय झाले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. स्पॅनिशचे आमचे ज्ञान कोश हाताशी घेऊन वाचण्याइतपतच आहे, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि सर्व्हान्तेस, लोर्का, नेरुदा, गार्सिया मार्केस ही मंडळी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजीचा अंगरखा घालूनच येतात, आणि मराठी अनुवादही पुष्कळदा त्या अंगरख्यावरूनच बेतले जातात. तेव्हा इंग्रजीत काय उतरले आणि काय गळाले, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

प्रथम वाक्यरचनाच पाहावी. इंग्रज मनुष्य 'आय ॲम अँग्री' म्हणतो. म्हणजे 'मी रागीट अवस्थेत आहे' असे स्वतःचे वर्णन करितो. स्पॅनिश मनुष्य बहुधा 'मे दा राबिया' म्हणतो. शब्दशः पाहिल्यास 'ते मला राग देते'. येथे राग कोठून तरी बाहेरून येतो आणि मनुष्य त्याचा धनी होतो. 'मला राग येतो' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ही रचना तत्काळ ओळखीची वाटेल. या बाबतीत मराठी ही इंग्रजीपेक्षा स्पॅनिशला जवळची आहे. इंग्रजी भाषांतरकाराला 'इट मेक्स मी फ्युरिअस' अशी वळणे घ्यावी लागतात. आपल्याला तशी गरज नाही. मात्र आपण इंग्रजीवरून भाषांतर करू लागलो, की 'त्या गोष्टीने मला संतप्त बनविले' असे परके वाक्य लिहून मोकळे होतो. मूळ स्पॅनिश आणि आपली मराठी एकाच उंबरठ्यावर उभ्या असताना आपण मध्येच इंग्रजीच्या माडीवर चढून पुन्हा खाली उतरतो, असा हा प्रकार आहे.

शब्दांची फसवणूक ही दुसरी अडचण. 'कोराखे' या स्पॅनिश शब्दाचे इंग्रजी 'करेज'शी सख्खे नाते आहे आणि त्याचा एक अर्थ 'धैर्य' असा आहेच. परंतु 'मे दा कोराखे' असे कोणी म्हटले, तर त्याला राग आलेला असतो, धीर आलेला नसतो. बेसावध भाषांतरकार येथे रागावलेल्या माणसाला शूर करून सोडील. 'इंखुरिया' म्हणजे अपमानाचा शब्द. इंग्रजी 'इंज्युरी'प्रमाणे जखम नव्हे. 'दिस्गुस्तो' म्हणजे मनस्ताप, किळस नव्हे. त्यात पुन्हा देशपरत्वे भेद आहेत. 'ब्रोंका' या शब्दाने स्पेनमध्ये भांडण किंवा खरडपट्टी, मेक्सिकोत अडचण आणि अर्जेंटिनात चक्क राग असा बोध होतो. रागावणे या क्रियेलाच स्पेनमध्ये एक शब्द अधिक चालतो, तर अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांत दुसरा. बेळगाव, इंदूर आणि बडोदे येथील मराठीचा कानाने अनुभव घेतलेल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

'कोलेरा' या शब्दाची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. पित्तवाचक ग्रीक शब्दापासून निघालेला हा शब्द स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी वापरला तर त्याचा अर्थ क्रोध, आणि पुल्लिंगी वापरला तर पटकीचा रोग. गार्सिया मार्केस यांची 1985 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी पटकीच्या काळातील प्रेमाची आहे, हे तिच्या नावातील पुल्लिंगी रूपावरून स्पष्ट होते; तरीही स्पॅनिश कानाला त्या शब्दाच्या पाठीमागे क्रोधाची सावली दिसतेच. 1988 साली ती इंग्रजीत आणणाऱ्या ईडिथ ग्रॉसमन यांना रोगाचे नाव तेवढे मिळाले. सावली स्पॅनिशमध्येच राहिली. इंग्रजीत 'कॉलर' हा क्रोधवाचक शब्द एके काळी होता, परंतु तो केव्हाच अडगळीत गेला. हा दोष ग्रॉसमनबाईंचा नव्हे. भाषेने जे साठवून ठेवले नाही, ते भाषांतरकार कोठून आणणार? आपल्याकडे मात्र रागाने 'पित्त खवळते'. क्रोध आणि पित्त यांचा जुना संसार मराठीत अद्याप मोडलेला नाही, हे येथे सहज नमूद करून ठेवितो.

आता वाक्प्रचारांकडे वळू. स्पॅनिश मनुष्याचा ताबा सुटला, की त्याच्या 'रिकिबी निसटतात'. 'पेर्देर लोस एस्त्रिबोस' असा तो वाक्प्रचार आहे. इंग्रज अशा वेळी 'फ्लाइज ऑफ द हँडल', म्हणजे कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटावे तसा उडतो. एक घोडेस्वाराचा शब्द, दुसरा लाकूडतोड्याचा. निसटणे मात्र दोन्हींकडे आहे. हे भाषांतर उत्तम म्हणावे. 'पोनेर एल ग्रितो एन एल सिएलो' म्हणजे आरोळी आभाळाला भिडविणे. इंग्रजीत त्यासाठी छप्पर उडविण्याचे वाक्प्रचार आहेत आणि आपण 'आकाशपाताळ एक करतो'. अतिशय कंटाळलेला स्पॅनिश मनुष्य 'आस्ता ला कोरोनिया', म्हणजे टाळूपर्यंत भरलेला असतो; आपल्याकडे 'डोक्यावरून पाणी जाते'. ज्याला चटकन राग येतो त्याच्या अंगावर तिकडे 'वाईट पिसवा' असतात. आपल्याकडे राग त्याच्या नाकावर बसलेला असतो. कोणाला हाकलून द्यावयाचे तर स्पॅनिश त्याला 'शतावरीचे कोंब तळायला' पाठवितो, इंग्रज तळ्यात उडी मारावयास सांगतो, आणि आपण 'गेलास उडत' म्हणून मोकळे होतो. एखाद्याला खडे बोल सुनावणे याला तिकडे 'चाळीस गाऊन दाखविणे' म्हणतात. तूते नावाच्या पत्त्यांच्या खेळात हुकुमाचा राजा आणि घोडेस्वार हातात आले, की चाळीस गुण मोठ्याने पुकारावयाचे असतात, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. इंग्रजी भाषांतरकार येथे 'मनाचा एक तुकडा देतो'. पत्त्यांचा डाव जातो, पण बोलणाऱ्याची जरब राहते.

या सर्व ठिकाणी नियम सोपा आहे. ज्या वाक्प्रचारातील चित्र बोलणाऱ्याच्या मनात मावळलेले आहे, तेथे चित्राचे भाषांतर करू नये, परिणामाचे करावे. शतावरीचे कोंब इंग्रजीत जसेच्या तसे तळू लागलो, तर संतापलेले पात्र विनाकारण विदूषक ठरेल. परंतु या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लेखकाने ते मावळलेले चित्र जाणूनबुजून पुन्हा जागे केले असेल, तर परिणामाबरोबर चित्रही नेले पाहिजे. खऱ्या घोड्यावर बसलेल्या माणसाविषयी लेखकाने 'रिकिबी निसटल्या' असे लिहिले, तर तेथे कुऱ्हाडीचे पाते उडविणारा भाषांतरकार लेखकाचा विनोद गमावून बसतो. नियम आणि अपवाद यांतला फरक कोश सांगत नाही. तो मजकुरातच शोधावा लागतो.

सर्वांत बिकट प्रश्न शपथांचा आणि शिव्यांचा. कॅथलिक स्पेनमध्ये संतापाच्या उद्गारांचा मोठा साठा देवळातून आला. 'ओस्तिया' हा शब्द मिस्सेत अर्पण होणाऱ्या पवित्र भाकरीचा. तोच भांडणात शिवीसारखा तोंडून सुटतो. गोव्यातील वाचकांना त्यातील अमर्याद धाडस तत्क्षणी जाणवेल; ग्वाल्हेर वा हैदराबाद येथील वाचकाला ते टीप देऊन सांगावे लागेल. विष्ठेचे क्रियापद घेऊन पवित्र वस्तूंना बोल लावण्याची तिकडे रीतच आहे, आणि देवाचे भय वाटले तर बोलणारा 'दिओस', म्हणजे देव, या शब्दाऐवजी 'दिएस', म्हणजे दहा, असे म्हणून पळवाट काढतो. इंग्रजांनीही पूर्वी देवाच्या जखमांची शपथ 'झाउंड्स' अशी मोडून घेतली आणि पुढे 'गॉड'चे 'गॉश' केले. आपल्या 'आयला' आणि 'च्यामारी' या शब्दांचा जन्मही अशाच अर्धवट गिळलेल्या शिवीतून झालेला आहे. तेव्हा पळवाटेचे भाषांतर पळवाटेनेच करावे, हे ठीक. खरी कोंडी मूळ शपथेची आहे. आजच्या इंग्रजीत देवाच्या नावाने भय वाटेनासे झाले आहे; तिचे कठोर शब्द शरीरव्यवहारातून येतात. भाषांतरकाराने जोर राखण्यासाठी तसा शब्द वापरला, तर धार राहते पण पाप जाते. धार्मिक शब्द ठेवला, तर पाप राहते पण धार बोथट होते. दोन्ही राखण्याचा उपाय आम्हांस कोठे आढळला नाही. प्रत्येक प्रसंगी त्यांपैकी अधिक मोलाचे कोणते, हे ठरविणे एवढेच भाषांतरकाराच्या हाती असते.

या संदर्भात अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा प्रयोग लक्षणीय आहे. स्पेनमधील 1936 ते 1939 या यादवीवर त्यांनी लिहिलेली, 1940 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी इंग्रजीतच लिहिलेली आहे. परंतु तिच्यातील डोंगरकपारीतील गनीम स्पॅनिश बोलत आहेत असे मानून लेखकाने संवाद योजिले आहेत. शिव्या जशाच्या तशा छापणे त्या काळी अशक्य होते. म्हणून त्यांनी शिवीच्या जागी 'अश्लीलता' आणि 'छापण्यास अयोग्य' या अर्थाचे इंग्रजी शब्दच वाक्यात बसविले. परिणाम चमत्कारिक होतो. स्पॅनिश जाणणारा वाचक त्या रिकाम्या जागा मनात भरून घेतो आणि हसतो. न जाणणाऱ्याला हे दरोडेखोर एखाद्या धर्मसभेतील पंच वाटू लागतात. त्यात 'तू' या अर्थाच्या स्पॅनिश सर्वनामासाठी हेमिंग्वे यांनी जुन्या बायबली इंग्रजीतील 'दाउ' योजिला आहे. स्पॅनिशमध्ये एकेरी व आदरार्थी सर्वनामांची अदलाबदल हे रागाचे एक प्रभावी शस्त्र आहे. परका मनुष्य एकाएकी एकेरीवर आला तर तो अपमान होय. आणि आईने स्वतःच्या मुलाला आदरार्थी हाक मारली, तर त्या मुलाने आज घरात काही खरे नाही असे समजावे. इंग्रजीपाशी हे शस्त्र आता उरलेले नाही. 'दाउ'ने ते परत मिळत नाही. त्याने केवळ प्रार्थनेचा सूर येतो. चांगले इंग्रजी भाषांतरकार अशा ठिकाणी मुलाचे संपूर्ण नाव घेऊन आईकडून हाक मारवितात, आणि ते योग्यच आहे. आपल्याला तेवढीही खटपट नको. रात्री उशिरा घरी आलेल्या चिरंजीवांना 'यावे, साहेब!' असे म्हणणारी माता मराठी घराघरांत आहे. पण मध्ये इंग्रजी आले, की सर्वत्र एकच 'यू'. आणि मराठी अनुवादक अंदाजाने 'तू' किंवा 'तुम्ही' घालीत बसतो. मूळचा खटका कोठे होता, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

शिवी नेहमीच रागाची असते असेही नाही, हे सर्व्हान्तेस यांनी चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. 'दोन किहोते'चा दुसरा भाग 1615 सालचा. त्यातील तेराव्या प्रकरणात सांचो आणि दुसऱ्या एका सरदाराचा सेवक रात्री गप्पा मारीत बसले आहेत. सांचोने आपल्या मुलीच्या ताकदीचे वर्णन करताच तो सेवक 'इदेपूता', म्हणजे 'वेश्यापुत्र' या अर्थाची शिवी हासडून तिचे कौतुक करतो. सांचोला राग येतो. सेवक त्याला समजावितो की, एखाद्याने कोणतेही काम नामी केले, की लोक हीच शिवी देऊन त्याची वाहवा करतात. पुढे बुधल्यातील उत्तम मद्य पोटात गेल्यावर सांचोच्याच तोंडून मद्याच्या स्तुतीसाठी तो शब्द निघतो, आणि सेवक त्याला बरोबर पकडतो. शब्द एकच, पहिल्यांदा त्याने राग येतो, दुसऱ्यांदा त्याने आनंद व्यक्त होतो. या प्रकरणाच्या भाषांतरात दोन्ही ठिकाणी एकच इंग्रजी शब्द आला नाही, तर सारी गंमतच नाहीशी होते. टॉमस शेल्टन यांनी 1612 आणि 1620 साली या ग्रंथाचे दोन भाग इंग्रजीत आणिले, तेव्हाच्या इंग्रजीत 'होअरसन' हा शब्द अगदी याच दुहेरी चवीने नांदत होता. पुढे तो मेला. त्यामुळे जॉन ऑर्म्सबी यांच्यापासून ग्रॉसमन यांच्यापर्यंत, म्हणजे 1885 पासून 2003 पर्यंत, प्रत्येक पिढीच्या भाषांतरकारापुढे तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. आमच्या सीमाभागातील कुस्तीच्या फडात चितपट करणाऱ्या मल्लाला उद्देशून 'रांडेच्या, काय डाव टाकलास!' असे ओरडणारा वृद्ध वस्ताद ज्यांनी ऐकला असेल, त्यांना सांचोची अडचण आणि सांचोचा आनंद हे दोन्ही एका शब्दात कळतील. अर्थात् मुद्रणालयात जाताना हा शब्द टिकेल की नाही, ही शंका आहेच. आणि प्रस्तुत लेखाचे खरे प्रयोजन याच शंकेत आहे.

येथे स्वतःचा एक प्रमाद सांगणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका वाचनमंडळात आम्ही गार्सिया मार्केस यांच्या वृद्ध कर्नलची कथा इंग्रजीवरून मराठीत सांगून वाचून दाखविली. ही लघुकादंबरी ग्रंथरूपाने 1961 साली निघाली व जे. एस. बर्न्स्टाइन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1968 साली प्रसिद्ध झाला. यादवी युद्धात लढलेला हा कर्नल निवृत्तिवेतनाच्या पत्राची वाट पाहत आहे. दर शुक्रवारी टपालाची नाव येते. त्याचे पत्र येत नाही. मुलगा मारला गेला आहे; मुलाचा झुंजीचा कोंबडा तेवढा घरात उरला आहे. पत्नी दम्याने जर्जर आहे. कर्नल सौम्य आहे, विनोदी आहे, दारिद्र्यातही अब्रू सांभाळणारा आहे. कथेच्या अखेरीस पत्नी विचारते की, कोंबड्याची झुंज होईपर्यंत आपण खायचे काय? पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य वेचून कर्नल त्या क्षणापर्यंत आलेला असतो, त्याला आतून अगदी निर्मळ आणि अजिंक्य वाटते, आणि तो एका शब्दात उत्तर देतो. तो शब्द 'मिएर्दा', म्हणजे विष्ठा, हा आहे. तेथे कथा संपते.

आम्ही त्या शब्दापाशी थांबलो. समोर शिक्षक-शिक्षिका बसलेल्या, आम्ही मुख्याध्यापक. आम्ही वाचले, 'उपाशी राहू.' क्षणभर शांतता झाली, आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, 'इतकी वर्षे तो माणूस थांबला, ते एवढेच म्हणायला?' आम्हांपाशी उत्तर नव्हते. आम्ही कर्नलच्या तोंडचा शब्द काढून घेऊन त्याच्या हाती पुन्हा तीच सहनशीलता ठेविली होती, जिच्यातून तो त्या शब्दाने मुक्त होत होता.

घरी आल्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. बर्न्स्टाइन यांचे काम येथे तुलनेने सोपे होते, असे दिसते. इंग्रजीत त्याच अर्थाचा एकाक्षरी शब्द आहे. तो पत्नीच्या प्रश्नाचे शब्दशः उत्तरही होतो आणि संतापाचा उद्गारही होतो. स्पॅनिशची ही दुहेरी योजना इंग्रजीत अखंड उतरली, आणि भाषांतरकाराने कच न खाता ती उतरविली. मराठीत काय करावे? प्रथम 'शेण' हा शब्द सुचला. 'खायचे काय?' या प्रश्नाला 'शेण!' हे उत्तर मराठी कानाला अगदी सहज वाटते; शिवाय तो शब्द चारचौघांत चालतो. परंतु विचारांती तो आम्ही नाकारिला. एक तर ज्या शेणाने आपण अंगण सारवितो, ते आपल्या लेखी घाण नव्हे. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. मराठीत 'शेण खाणे' म्हणजे लाजिरवाणी चूक करणे. त्या शब्दाबरोबर बोलणाऱ्यावर लाज येते, आणि कर्नल तर त्या क्षणी आयुष्यात प्रथमच पूर्णपणे निर्मळ झालेला असतो. वाक्प्रचार जितका सहज, तितकाच तो अर्थाच्या उलट दिशेला नेणारा! सहज वाक्प्रचार हेच उत्तम भाषांतर, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या शिकवणीला येथे मर्यादा पडली.

म्हणून भाषांतरकाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवू. हे पात्र असे शब्द नेहमी वापरते, की आजच वापरीत आहे? नेहमी वापरणाऱ्याची शिवी थोडी सौम्य झाली तरी चालेल. आजच बोलणाऱ्याची मुळीच चालणार नाही. शब्दातील चित्र जिवंत आहे की मावळलेले? आणि तिसरा प्रश्न, जो आम्ही स्वतःला विचारला नव्हता: आपण हा शब्द सौम्य करीत आहोत, तो वाचकाच्या सोयीसाठी की स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी?

शाळेत मुलांच्या तोंडी अपशब्द येऊ नयेत, यासाठी आम्ही उभे आयुष्य झटलो आणि पुढेही झटू. परंतु मुलाच्या तोंडातील शिवी आणि उपाशी वृद्धाच्या तोंडातील अखेरचा शब्द यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने वर्गात साहित्य शिकवू नये. ते वाचनमंडळ पुन्हा भरेल तेव्हा ती कथा पुन्हा वाचण्याचा आमचा मानस आहे. पत्नीने विचारल्यावर कर्नल त्या वेळी मराठीत 'गू' असे उत्तर देईल. त्या बाई पहिल्या रांगेत असाव्यात, एवढीच इच्छा.